बिनबैलांची गाडी

शांतवनदादा कोणालाही भेटले की समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायचे आणि म्हणायचे, "सलाम!" आम्ही नगरकडची ख्रिस्ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सलामच करत आलो. पण रियाधमध्ये त्याचा भलताच फायदा होई. कोपऱ्यावरचा येमेनी किराणावाला, पठाण टॅक्सीवाला, इस्पितळाच्या फाटकावरचा शिपाई, सगळ्यांना वाटायचं हा आपलाच माणूस. एखाद्याने "मुस्लिम?" असं विचारलंच तर दादा हसून म्हणत, "ला, नाही, मसीही. पण सलाम खरा आहे."

अल मलाझ भागातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक खोली होती, तिथे ते राहत. शांतवन आढाव, मुक्काम नेवाशाजवळचं एक खेडं. एका मोठ्या इस्पितळात जनरेटर आणि एसीची देखभाल करायचे. पगार बरा होता, पण बायको-मुलांना आणण्याचा व्हिसा मिळावा एवढ्या हुद्द्याचा नव्हता. बायको गावाकडे प्राथमिक शाळेत शिकवत होती, एकुलती लेक तिच्यापाशी. दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळायची. बारा वर्षांची नोकरी झाली, म्हणजे लेकीचं अख्खं बालपण त्यांनी हप्त्याहप्त्याने पाहिलं होतं.

मग इमारतीतली सगळी मुलं त्यांचीच झाली. जिन्यात कोणी मूल भेटलं की ते "कसा आहेस?" विचारत नसत. "पाणी प्यायलास का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. हिवाळ्यातसुद्धा. आमची नीता तेव्हा चौदा वर्षांची. ती वैतागून म्हणायची, "ममी, ही इज ऑब्सेस्ड विथ वॉटर." मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असाच आमच्या घरचा संवाद होता. तिच्या शाळेतल्या सगळ्याच मुलांचं तसं होतं. शांतवनदादा मात्र मुलांशी फक्त मराठी बोलत, मूल कोणत्याही भाषेत बोलो. "कळतं त्यांना सगळं," म्हणायचे. "तोंडाला सवय नाही, एवढंच."

जेवणही त्यांचं गावचंच. दक्षिणेकडे जिझानच्या बाजूला ज्वारी पिकते, हा शोध त्यांना पहिल्याच वर्षी लागला होता. कुठल्याशा येमेनी दुकानदाराकडून पोतं आणवत, दळून घेत आणि गच्चीवर भाकरी थापत. रविवारी संध्याकाळी सगळ्या जिन्यात भाकरीचा वास सुटला की मुलं वर पळायची.

शुक्रवारी आमच्या दिवाणखान्यात उपासना व्हायची. तिथे चर्च नव्हतं; इस्लामखेरीज दुसऱ्या धर्माच्या उपासनेला बंदी, त्यामुळे असणं शक्यच नव्हतं. पडदे ओढायचे, चपला आत घ्यायच्या आणि गाणी अगदी दबक्या आवाजात म्हणायची. दादांची पंचाईत इथेच होती. त्यांचा गळा भजनी मंडळात तयार झालेला, आणि सुराशी त्यांचं कधी पटलं नव्हतं. डोळे मिटले की आवाज चढायचा. आम्ही सगळे हातांनी खाली-खाली अशी खूण करायचो, पण मिटल्या डोळ्यांना खुणा कुठे दिसणार?

एकदा असाच आवाज चढला आणि दार वाजलं. दादा उठले, स्वयंपाकघरातून पुलावाची ताटली घेतली आणि दार उघडलं. समोर शेजारचे इजिप्शियन मास्तर महमूद. "आज वाढदिवस आहे," दादांनी ताटली त्यांच्या हातात देत सांगितलं. महमूद मास्तर आभार मानून गेले. पुढच्या शुक्रवारीही वाढदिवस निघाला, त्याच्या पुढच्याही. चौथ्यांदा मास्तर दारातच थांबले. म्हणाले, "या घरात मुलगी एक, आणि वाढदिवस किती?" मास्तरांनी आतल्या चपलांच्या ढिगाकडे पाहिलं, ओढलेल्या पडद्यांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "माझ्या वर्गात सर्दी झालेलं एक मूल आहे. तेसुद्धा तुमच्यापेक्षा बरं गातं." त्या दिवसापासून मास्तर शुक्रवारी सकाळी आपला रेडिओ मोठ्याने लावून ठेवत. त्या आवाजाच्या आडोशाला आमची गाणी चालत.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि आमचं आयुष्य एका आठवड्यात बदललं. रस्त्यांवर लष्करी गाड्या आल्या. कोणी बायका-मुलांना भारतात धाडलं, कोणी बॅगा भरून दारात ठेवल्या. कुवेतहून निघालेल्या भारतीयांच्या गोष्टी रोज कानावर यायच्या. दुकान टाकून आलेले, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले. मोठी माणसं दुसरं काही बोलतच नव्हती. मुलं मात्र व्हिडिओ गेम खेळत होती आणि शाळा बंद होण्याची वाट पाहत होती.

त्याच सुमारास दादा एका शुक्रवारी एक फोटो घेऊन आले. इस्पितळातल्या एका अमेरिकन इंजिनियरने त्यांना दाखवायला दिला होता. फोटोत माळरानावर लांब झग्यांतल्या मुली आणि टोप्या घातलेली मुलं लाकडी हातगाड्या ओढत होती. त्या अमेरिकनाच्या पंथाचे पूर्वज म्हणे धर्मासाठी घरदार सोडून, सामान हातगाड्यांवर लादून शेकडो मैल चालत गेले होते. म्हणून आजही त्यांच्या चर्चची मुलं काही दिवस तशाच गाड्या ओढत चालतात.

"आपलीही माणसं चालली होती," दादा म्हणाले. "आपल्या पोरांना हे कोणी सांगितलंय का?"

मग त्यांनी पणजोबांची गोष्ट सांगितली. मोठ्या दुष्काळाचं साल. पणजोबा नुकतेच ख्रिस्ती झाले होते, त्यामुळे गावाने आधीच वाळीत टाकलेलं, त्यात विहिरीला पाणी नाही. मिशनच्या केंद्रावर धान्य मिळतं असं कळलं, म्हणून तीन घरं निघाली. बैल दुसऱ्याच मुक्कामाला मेले. तेव्हा माणसांनी जू खांद्यावर घेतलं. गाडीत पणजोबांची म्हातारी आई होती, चालता न येणारी. ती म्हणत होती मला इथेच टाका. कोणी टाकलं नाही. ती पोचली. तिने तिथली पेज खाल्ली आणि मग पुढे सात वर्षं जगली. दादांना हा शेवट फार आवडायचा. "सात वर्षं!" ते बोट वर करून म्हणायचे. "आणि सगळ्यांना शिव्या देत!"

तर आपल्या तरुण संघाच्या मुलांनी एक दिवस गाडी ओढायची, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

थोरात साहेब आमच्या मंडळीतले वडीलधारे. बँकेत मोठ्या जागेवर, बोलणं मोजकं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आढाव, लढाई तोंडावर आहे. अशा वेळी मुलांना वाळवंटात नेऊन नाटक करायचं?"

"लढाई तोंडावर आहे म्हणूनच साहेब," दादा म्हणाले. "उद्या खरंच निघावं लागलं तर? मुलांना एवढं तरी माहीत असू दे, की माणसं निघतात आणि पोचतातही."

थोरात साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मिनीबस मी ठरवतो. पण मी बरोबर येणार."

जागा ठरली पूर्वेकडचं हुफूफ. तिथे दापोलीचे युसुफभाई एका खजुराच्या बागेवर मुकादम होते आणि दादांचे जुने स्नेही. हुफूफच्या बागांमधून गाढवाच्या लाकडी गाड्या असतात. तशा दोन मिळतील का, असं दादांनी फोनवर विचारलं होतं. डिसेंबरातल्या त्या गुरुवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा युसुफभाई कमरेवर हात ठेवून उभे होते.

"काय ओ शांतवनभाऊ, ही कसली पिकनिक? लोकं येतात ती गाडीत बसायला. वढायला कोन येतो?" मग मुलांकडे नजर टाकून म्हणाले, "गाढवं देऊ का सोबत?"

"नको," दादा गंभीरपणे म्हणाले. "मी घेऊन आलोय."

मुलांना ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा पहिल्यांदाच सगळी एकत्र हसली.

आमच्यातलं कोणीतरी कशासाठी आलोय ते सांगू लागलं, तेव्हा युसुफभाईंनी हात वर केला. "मला पिकनिक येवढाच म्हाईत आहे. उद्या कोनी इचारला तर तेवढाच पुरे."

बागेतून निघून कारा डोंगराच्या पायथ्याशी जायचं आणि दुपारी परतायचं, असा बेत. एका गाडीत पाण्याचे कॅन, धान्याची पोती, अंथरुणं. दुसऱ्या गाडीत पाळीपाळीने एक मूल बसणार, ते म्हातारी. बसणाऱ्याने उतरायचं नाही, ओढणाऱ्यांनी कुरकुर करायची नाही. बागेतल्या सावलीत मजा चालली होती. म्हातारी कोण होणार यावरून भांडणं झाली. थोरातांचा सुहास म्हातारी झाला आणि त्याने तोंड वाकडं करून अशा शिव्या दिल्या की दादांना ठसका लागला. "अगदी तशीच!" ते म्हणाले.

बाग संपली, मऊ रेती लागली आणि हसणं थांबलं. चाकं रुतू लागली. नीता जुवाच्या डाव्या बाजूला होती. तळहात सोलवटले तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "आय कान्ट. दिस इज स्टुपिड." मी पुढे होणार होते, दादांनी नजरेनेच मला थांबवलं. ते तिच्याजवळ गेले. पाणी दिलं. आपल्या डोक्याचा पंचा फाडून तिच्या हातांना गुंडाळला. म्हणाले, "स्टुपिडच आहे गं बाई. त्यांनाही तसंच वाटलं असेल. तू सोड, मी धरतो." आणि तिच्या जागी जाऊन उभे राहिले. नीता थोडा वेळ मागून चालली. मग येऊन तिने जुवाचं दुसरं टोक धरलं.

डोंगर समोर दिसू लागला होता. वाटेत एक लहानशी वस्ती लागली, मातीची भिंत आणि चार खजुराची झाडं. भिंतीआडून एक म्हातारा अरब बाहेर आला. त्याने आमच्याकडे पाहिलं. धुळीने भरलेली मुलं, डोक्यावर रुमाल, गाडीत पोती आणि अंथरुणं, वर बसलेलं एक पोर. तो तसाच आत पळाला आणि हातात रोट्या, खजूर आणि दह्याचं भांडं घेऊन आला. मागून त्याची सून, नातवंडं. "मिन अल कुवेत?" तो विचारत होता. "कुवेतहून?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने सुहासच्या हातात रोटी कोंबली, नीताच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या माणसाला खरं सांगणं अवघड होतं आणि न सांगणं त्याहून. मुलं हातातल्या रोट्यांकडे बघत उभी होती. दादा पुढे झाले. त्यांनी म्हाताऱ्याचा हात धरला आणि आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं की नाही बाबा, आम्ही कुवेतचे नाही. रियाधचे आहोत. आमचे आजे-पणजे असे उपाशी चालले होते, ते मुलांना दाखवतोय. तुमची रोटी आम्ही कशी घ्यावी?

म्हाताऱ्याला किती समजलं देव जाणे. त्याने दादांकडे पाहिलं. मग म्हणाला, "उपाशी होते ना? मग खा." आणि तिथेच जमिनीवर बसला. आम्हीही बसलो. सुहास रडत होता आणि खात होता.

पोलिसांची जीप तेव्हाच आली. गाड्या ओढत माणसं येताहेत, असं लांबून कोणीतरी पाहून कळवलं असावं. त्या दिवसांत सगळा पूर्व भाग लष्कराने भरलेला, त्यांचाही जीव टांगणीला. दोघे उतरले. तरुण होते, उद्धटपणे बोलले नाहीत, पण हसलेही नाहीत. निर्वासित नाही, मग कोण? इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, मागितले. परदेशी माणसाला एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं तर कफीलचं, म्हणजे ज्याने नोकरीवर आणलं त्या मालकाचं, पत्र लागायचं. थोरात साहेबांकडे बँकेचं होतं, आमच्याकडे माझ्या नवऱ्याच्या कंपनीचं होतं. दादांकडे नव्हतं. कफीलकडे पत्र मागितलं असतं तर त्याने कशासाठी जातोस म्हणून विचारलं असतं, आणि दादांना त्याच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. हे त्यांनी आम्हाला कोणालाही सांगितलं नव्हतं.

"यांचा पुढारी कोण?" पोलिसाने विचारलं.

थोरात साहेबांनी तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. पण त्याआधीच दादा म्हणाले, "मी. हे सगळे माझ्या बोलावण्यावरून आले. मुलांना वाटलं पिकनिक आहे."

पोलिसाने आम्हाला बागेकडे परत जायला सांगितलं आणि दादांना जीपमध्ये बसायला. म्हातारा अरब मध्ये पडून काहीबाही सांगू लागला, त्याला त्यांनी आदराने बाजूला केलं. जीपमध्ये एक पाय ठेवून दादा मुलांकडे वळले. मला वाटलं आता ते काही मोठं बोलतील.

"गाड्या युसुफभाईंच्या आहेत," ते म्हणाले. "नीट परत न्या. आणि पाणी प्या."

जीप गेली. मुलं तशीच उभी. मग नीताने जू उचललं. तिच्या शेजारी सुहास आला. परतीच्या वाटेवर म्हातारी कोणीच झालं नाही, तरी ती रिकामी गाडी आधीपेक्षा जड चालत होती. म्हातारा अरब बागेच्या टोकापर्यंत आमच्याबरोबर चालत आला. वाटेत एकदा नीता शेजारी वळून म्हणाली, "सुहास, डावीकडे ओढ. चाक रुततंय." मराठीत. माझ्याखेरीज ते कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

दादा दोन दिवसांनी सुटून आले. कफील स्वतः हुफूफला जाऊन त्यांना घेऊन आला. पुढच्या शुक्रवारी मुलांनी त्यांना गराडा घातला. घाबरला होता का, मारलं का, काय खाल्लं.

"घाबरलो होतो," दादा म्हणाले. "खूप. रात्री झोपच नाही. कोठडीत एक बंगाली होता, तोही घाबरलेला. मग आम्ही दोघं एकमेकांना आपापल्या गावची नावं सांगत बसलो. दुसरं बोलायला दोघांना एक भाषा कुठे येत होती?"

जानेवारीत लढाई सुरू झाली. भोंगे वाजू लागले, रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागली. दादा इस्पितळातच, जनरेटरच्या खोलीत मुक्कामाला गेले. वीज गेली तर शस्त्रक्रिया थांबतील, म्हणून तिथून हलायचे नाहीत. अधूनमधून सकाळी येत, विषारी वायूच्या भीतीने आमच्या खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्ट्या लावत, मुलांना पाणी पिण्याबद्दल टोकत आणि परत जात. त्यांचे गाल बसले होते, अंगाला डिझेलचा वास यायचा. बायकोची तार आली होती, निघून या म्हणून. ती त्यांनी खिशात घालून ठेवली होती.

लढाई संपली, आणि थोरात साहेब एके दिवशी आमच्याकडे आले. बसले नाहीत. "आढावांना कायमचं परत पाठवताहेत," एवढंच म्हणाले. कफीलने हुफूफहून आणतानाच दादांना बजावलं होतं, लढाई संपेपर्यंत इस्पितळाला तुझी गरज आहे, त्यानंतर खलास. थोरात साहेब त्या कफीलकडे तीनदा जाऊन आले होते. पुढारी मी होतो, असंही त्यांनी तिथे सांगून पाहिलं. कफील चांगला माणूस होता, त्याने कॉफी पाजली. पण युद्धाच्या दिवसांत त्याला पोलिस ठाण्यात उभं राहावं लागलं होतं, ते तो विसरायला तयार नव्हता.

मी गच्चीवर गेले. दादा भांडी बांधत होते.

"दादा, ऐकलं ते खरं?"

"मुलांना सांगू नका पुष्पाताई. त्यांना वाटेल आपल्यामुळे गेलं."

"पण तुमचं कसं होणार? बारा वर्षांची नोकरी..."

त्यांनी तवा वर्तमानपत्रात गुंडाळला. "लेक चार वर्षांची होती, तेव्हा सुट्टीवर गेलो होतो," ते म्हणाले. "दहा दिवस झाले आणि ती आईला विचारते, हे पाहुणे कधी जाणार? मी ऐकत होतो दाराआडून." ते हसले, पण तव्याची गाठ काही त्यांना नीट बसेना. मी ती बांधून दिली. "आता चौदा वर्षांची आहे. एवढ्या मोठ्या पोरीशी काय बोलायचं असतं ताई? मला तुमच्या नीताशी बोलता येतं. तिच्याशी येईल का?"

मुलांना आम्ही सांगितलं की दादा लेकीच्या शिक्षणासाठी परत चाललेत. विमानतळावर सगळी गेली होती. कुवेतच्या जळत्या तेलविहिरींच्या धुराने त्या दिवशी आभाळ मळकट झालं होतं. महमूद मास्तरही आले होते. दादांचा निरोप घेताना ते म्हणाले, "आता मला शुक्रवारी रेडिओ लावायचं कारण उरलं नाही," आणि रुमालाने नाक पुसत बाजूला झाले.

आम्ही पुढे काही वर्षांनी भारतात परतलो. दादांचं एखाददुसरं पत्र यायचं, मग तेही थांबलं. गावी वायरमनची कामं करतात, असं कोणाकडून तरी कळलं होतं. एकदा जाऊन यायचं आमचं नेहमी ठरायचं.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. मी औरंगाबादहून नगरला एसटीने येत होते, आणि नेवासा फाट्यावर गाडी थांबली होती. ऊन रणरणतं होतं. पलीकडे पेट्रोल पंपापाशी एक स्कूटर उभी होती. चालवायला एक बाई, विशी ओलांडलेली, पांढरी साडी नेसलेली, बहुधा नर्स असावी. मागे शांतवनदादा, केस पूर्ण पिकलेले, मांडीवर भाजीची पिशवी. ती मागे वळून त्यांना जोरजोरात काही बोलत होती. रागावलेली होती. ते मान हलवून तितक्याच जोरात उत्तर देत होते. बापलेकीचं चांगलंच जुंपलं होतं, पंपावरचा माणूस हसत होता.

मी खिडकीतून हाक मारणार, तेवढ्यात कंडक्टरने घंटा मारली. त्याच वेळी तिने किक मारली. स्कूटर उसळली, तसं दादांनी घाईघाईने तिच्या खांद्याला धरलं. भांडण चालूच होतं. दोघं बोलत बोलतच डावीकडच्या कच्च्या रस्त्याला वळली, आणि आमची गाडी नगरकडे निघाली.